केशवाहिन्यांच्या जाळ्यातील रक्तप्रवाहाचे गणिती प्रारूप कसे बांधावे

माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे ८ मायक्रोमीटर व्यासाची असते आणि ज्या केशवाहिनीतून तिला जायचे असते, तिचा व्यास साधारणपणे ५ ते १० मायक्रोमीटर असतो. म्हणजे अनेक ठिकाणी वाट पेशीपेक्षा अरुंद असते, आणि पेशी स्वतःला मुडपून, एकामागून एक अशा रांगेने पुढे सरकतात. मोठ्या धमनीत रक्ताला एकजिनसी द्रव मानून केलेले गणित बरेचसे खरे ठरते. केशवाहिन्यांत मात्र त्याच गृहीतकामुळे उत्तर कित्येक पटींनी चुकू शकते. हे लेखन भौतिकशास्त्र, गणित किंवा अभियांत्रिकीच्या अशा विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांना रेषीय समीकरणे सोडवता येतात, थोडे पायथॉन येते आणि सूक्ष्म रक्ताभिसरणाचे स्वतःचे पहिले प्रारूप बांधायचे आहे.

सर्वप्रथम प्रश्न ठरवावा, कारण प्रारूपाचा प्रकार त्यावरून ठरतो. एखादी पेशी अरुंद वाहिनीत शिरताना तिच्या पटलावर किती ताण येतो, हा प्रश्न असेल, तर प्रत्येक पेशीचा आकार आणि तिच्याभोवतीचा रक्तद्रव असे दोन्ही सोडवावे लागते, आणि त्यासाठी मोठी संगणकशक्ती लागते. संपूर्ण अवयवाला मिळणारे रक्त हा प्रश्न असेल, तर ऊतीला सच्छिद्र माध्यम मानणे पुरेसे होते. या दोहोंच्या मधला प्रश्न म्हणजे शेकडो वाहिन्यांच्या जाळ्यात कोणत्या फांदीला किती रक्त आणि किती पेशी मिळतात. त्यासाठी जाळ्याचे प्रारूप वापरतात, आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. पेशीनिहाय अनुकरणाची चित्रे डोळे दिपवतात हे खरे, पण जाळ्याचे गणित हाताने पडताळता येते, आणि शिकण्याच्या टप्प्यावर त्याची किंमत जास्त आहे.

काय वगळता येते

द्रवगतीची पूर्ण समीकरणे इथे लागत नाहीत, आणि ती का लागत नाहीत हे आकड्यांनीच दाखवावे. रक्ताची घनता १०५० किलोग्रॅम प्रति घनमीटर, वेग सेकंदाला १ मिलिमीटर, व्यास ८ मायक्रोमीटर आणि श्यानता ३ मिलिपास्कल-सेकंद धरली, तर रेनॉल्ड्स अंक सुमारे ०.००३ येतो. १ च्या इतका खाली असलेला हा अंक सांगतो की जडत्वाचे पद टाकून द्यावे आणि फक्त दाब व श्यानता यांचा समतोल ठेवावा. हृदयाच्या ठोक्यांमुळे दाब सतत बदलत असला, तरी वोमर्स्ली अंकही (ठोक्यांच्या गतीने होणाऱ्या बदलातील जडत्व श्यानतेच्या तुलनेत किती मोठे, हे सांगणारा अंक) सुमारे ०.००६ इतकाच येतो, म्हणजे प्रवाह प्रत्येक क्षणी त्या क्षणाच्या दाबाशी जुळवून घेतो. त्यामुळे स्थिर अवस्थेचे गणित करून भागते.

एक वाहिनी, एक हिशेब

पॅरिसमधील वैद्य प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास काचेच्या अतिसूक्ष्म नळ्यांतून द्रव सोडून जो नियम मांडला, तो असा:

प्रवाह = (पाय × दाबफरक × व्यास^४) ÷ (१२८ × श्यानता × लांबी)

केशवाहिन्यांतील रक्ताचे कुतूहल हीच प्वाझय यांची मूळ प्रेरणा होती, पण नळीत रक्त गोठू लागे म्हणून त्यांनी पाण्यावर भर दिला. सूत्रातील चौथ्या घाताकडे नीट लक्ष द्यावे. व्यास १० टक्क्यांनी जास्त मोजला गेला, तर प्रवाह ४० टक्क्यांहून अधिक चुकतो. सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमेत ६ मायक्रोमीटरच्या वाहिनीची कड अर्धा मायक्रोमीटर इकडेतिकडे होणे अगदी सहज शक्य असते. म्हणून प्रत्येक व्यासासोबत त्याची अनिश्चितताही सुरुवातीपासून नोंदवून ठेवावी.

आता एक आकडा हाताने काढावा. वाहिनीचा व्यास ६ मायक्रोमीटर, लांबी ५०० मायक्रोमीटर आणि सरासरी वेग सेकंदाला अर्धा मिलिमीटर धरू. रक्तद्रवाची श्यानता सुमारे १.२ मिलिपास्कल-सेकंद असते आणि या व्यासाच्या काचनळीत रक्ताची श्यानता तिच्या १.२७ पट असते (हा आकडा कुठून आला ते पुढे येईल). यावरून दाबफरक सुमारे ३४० पास्कल, म्हणजे पाऱ्याचे अडीच मिलिमीटर येतो. प्रवाह सेकंदाला सुमारे १४,१०० घनमायक्रोमीटर होतो. त्यातील ४५ टक्के भाग पेशींचा आणि एका पेशीचे घनफळ ९० घनमायक्रोमीटर धरले, तर सेकंदाला सुमारे ७० पेशी या वाहिनीतून जातात. हा शेवटचा आकडा मुद्दाम काढावा, कारण वेगवान कॅमेऱ्याच्या चित्रणात तो प्रत्यक्ष मोजता येतो, आणि प्रारूपाची प्रयोगाशी पहिली भेट तिथेच होते.

श्यानता हा स्थिरांक नव्हे

१९३१ साली स्वीडनचे फारेउस आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवून दिले की नळीचा व्यास सुमारे ३०० मायक्रोमीटरच्या खाली गेला की रक्ताची भासमान श्यानता घटत जाते. पेशी नळीच्या मध्याकडे सरकतात, भिंतीलगत पेशीविरहित रक्तद्रवाचा पातळ थर उरतो आणि तो वंगणाचे काम करतो. पुढे प्रीस आणि सहकाऱ्यांनी काचनळ्यांतील अनेक मापनांचा मेळ घालून १९९२ मध्ये एक अनुभवसिद्ध सूत्र दिले. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताच्या घनफळातील तांबड्या पेशींचा वाटा, ०.४५ असताना रक्तद्रवाच्या तुलनेत रक्ताची सापेक्ष श्यानता अशी येते:

सापेक्ष श्यानता = २२० × घाती(−१.३ × व्या) + ३.२ − २.४४ × घाती(−०.०६ × व्या^०.६४५)

यात ‘व्या’ म्हणजे मायक्रोमीटरमधील व्यास आणि ‘घाती’ म्हणजे नैसर्गिक घातांकी फलन. सूत्र संगणकात घातल्यावर ते बरोबर उतरले आहे की नाही, हे पुढील किमतींशी ताडून पाहावे: १००० मायक्रोमीटरला ३.१९, १०० ला २.४४, २० ला १.५९, ७ ला १.२५, ५ ला १.४७ आणि ४ ला २.३१. श्यानतेचा तळ ७ मायक्रोमीटरच्या आसपास आहे, आणि त्याखाली ती झपाट्याने वर चढते, कारण पेशी भिंतीला जवळजवळ घासत जाते. माणसाची निरोगी पेशी सुमारे २.७ मायक्रोमीटरपेक्षा अरुंद नळीतून अखंड जाऊच शकत नाही, कारण तिचे घनफळ आणि पृष्ठफळ दोन्ही कायम राहतात. म्हणून ३ मायक्रोमीटरच्या खालचा व्यास आला तर प्रोग्रामने थांबून सूचना द्यावी अशी अट आधीच लिहून ठेवावी. सूत्र त्या व्यासालाही निमूटपणे आकडा देईल, पण त्या आकड्याला अर्थ नसेल.

हिमॅटोक्रिट ०.४५ नसेल, तर वरच्या सापेक्ष श्यानतेतून १ वजा करून जो वाढीव भाग उरतो, त्याला [(१ − हि)^व − १] ÷ [०.५५^व − १] या गुणकाने गुणावे आणि मग १ मिळवावा. यात ‘हि’ म्हणजे त्या वाहिनीचा हिमॅटोक्रिट, आणि घातांक ‘व’ असा काढतात: आधी क = १ ÷ (१ + १०^−११ × व्या^१२) ही किंमत काढावी, मग व = (०.८ + घाती(−०.०७५ × व्या)) × (क − १) + क. ६ मायक्रोमीटरला ‘व’ ०.९५ येतो, म्हणजे श्यानता हिमॅटोक्रिटसोबत जवळजवळ सरळ रेषेत वाढते. मोठ्या वाहिनीत तो −०.८ कडे जातो आणि वक्र तीव्र चढणीचा होतो.

हिमॅटोक्रिट दोन प्रकारचा असतो, आणि इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. वाहिनीच्या मध्यातून जाणाऱ्या पेशी रक्तद्रवापेक्षा जलद जातात, त्यामुळे कोणत्याही क्षणी नळीत असलेल्या पेशींचे प्रमाण हे नळीतून बाहेर पडणाऱ्या रक्तातील प्रमाणापेक्षा कमी असते. फारेउस यांनी हे १९२९ मध्येच नोंदवले होते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो नळीतला हिमॅटोक्रिट. पेशींच्या अक्षय्यतेचा हिशेब मात्र बाहेर पडणाऱ्या हिमॅटोक्रिटवर चालतो, आणि वरची सूत्रेही त्याच्यासाठीच आहेत. प्रतिमेतून मोजलेला आकडा रूपांतर न करता सूत्रात घातला, तर सगळ्या जाळ्यात पेशींची तूट दिसू लागते आणि ती तूट शोधण्यात आठवडे जातात.

काच आणि जिवंत ऊती यांतील अंतर

काचनळीचे सूत्र जिवंत जाळ्याला लावले की प्रवाहाचा रोध प्रत्यक्षापेक्षा फार कमी येतो. उंदराच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातील वाहिन्यांवर मापने करून प्रीस, सीकोम्ब आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हे दाखवले आणि जिवंत ऊतींसाठी सुधारित सूत्र दिले. त्यात २२० च्या पदाऐवजी ६ × घाती(−०.०८५ × व्या) हे पद येते. याशिवाय (व्या ÷ (व्या − १.१))^२ हा गुणक दोनदा लागतो, एकदा हिमॅटोक्रिटच्या वाढीव भागाला आणि एकदा एकूण बेरजेला. याचे मुख्य कारण असे मानले जाते की वाहिनीच्या आतल्या भिंतीवर शर्करायुक्त रेणूंचा मऊ थर असतो, तो प्रवाहासाठीची वाट अरुंद करतो आणि काचेवर तो नसतो.

फरक किती मोठा आहे, हे आधीच्याच वाहिनीवर पाहावे. ६ मायक्रोमीटर व्यास आणि ०.४५ हिमॅटोक्रिट असताना काचेच्या सूत्राने सापेक्ष श्यानता १.२७ येते, तर जिवंत ऊतींच्या सूत्राने सुमारे १०. तोच वेग राखायला अडीच मिलिमीटरऐवजी पाऱ्याचे सुमारे २० मिलिमीटर दाबफरक लागेल. प्रत्यक्ष केशवाहिन्यांत हिमॅटोक्रिट बहुधा कमी असल्यामुळे आकडा इतका चढत नाही, तरीही सूत्राची निवड ही प्रारूपातील सर्वांत वजनदार निवड आहे. कोणते सूत्र घेतले आणि का, हे निकालाच्या पहिल्याच ओळीत लिहावे. शिवाय ही मापने उंदराच्या रक्तावरची आहेत. उंदराच्या तांबड्या पेशीचे घनफळ सुमारे ५५ घनमायक्रोमीटर, तर माणसाच्या पेशीचे सुमारे ९०. सूत्र एका प्राण्यावरून दुसऱ्यावर नेताना व्यासाला या घनफळांच्या गुणोत्तराच्या घनमुळाने, म्हणजे सुमारे १.१८ ने, भागण्याची वा गुणण्याची पद्धत आहे.

फाट्यावर पेशी कशा वाटल्या जातात

वाहिनीला दोन फांद्या फुटतात तिथे पेशी प्रवाहाच्या प्रमाणात वाटल्या जात नाहीत. ज्या फांदीत प्रवाह कमी असतो, ती मुख्यतः भिंतीलगतचा पेशीविरहित थर ओढून घेते, म्हणून तिच्या वाट्याला पेशी आणखी कमी येतात. प्रवाहाचा वाटा एका ठरावीक मर्यादेखाली गेला तर फांदीत पेशी जातच नाहीत, नुसता रक्तद्रव वाहतो. दोन्ही फांद्यांचा व्यास सारखा असेल, तर हिशेब असा करावा. आधी स = (१ − हि) ÷ मूळ वाहिनीचा मायक्रोमीटरमधील व्यास ही राशी काढावी, ज्यात हि हाही मूळ वाहिनीचाच. मर्यादा म = ०.९६४ × स आणि तीव्रता त = १ + ६.९८ × स. प्रवाहाच्या वाट्यातून म वजा करून बाकीला (१ − २म) ने भागावे, आलेल्या संख्येचे स्वतःच्या पूरकाशी (म्हणजे १ मधून ती वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येशी) गुणोत्तर घेऊन त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढावा, त्याला त ने गुणावे, आणि उलट वाटेने परत येऊन पेशींचा वाटा मिळवावा. फांद्यांचे व्यास वेगळे असतील, तर त ने गुणून आलेल्या संख्येत आणखी एक पद मिळवावे लागते: −१३.२९ × स × (र − १) ÷ (र + १), ज्यात र म्हणजे हिशेबातल्या फांदीच्या व्यासवर्गाचे दुसऱ्या फांदीच्या व्यासवर्गाशी गुणोत्तर.

हे प्रत्यक्ष करून पाहण्यासाठी सर्वांत लहान जाळे घ्यावे. ८ मायक्रोमीटरची एक वाहिनी, तिला ६ मायक्रोमीटरच्या दोन फांद्या, एक ३०० मायक्रोमीटर लांब आणि दुसरी ७००, आणि पुढे दोन्ही पुन्हा एकत्र. येणारा हिमॅटोक्रिट ०.४० आहे. श्यानता दोन्हीकडे सारखी धरली, तर लांब फांदीला ३० टक्के प्रवाह मिळतो. वरच्या हिशेबाने स ०.०७५, म ०.०७२ आणि त १.५२ येतो, आणि लांब फांदीच्या वाट्याला फक्त १७.६ टक्के पेशी येतात. तिचा हिमॅटोक्रिट ०.२३ होतो, तर आखूड फांदीचा ०.४७.

पण आता दोन्ही फांद्यांची श्यानता सारखी राहिली नाही. जिवंत ऊतींच्या सूत्राने आखूड फांदीत ती १०.४ आणि लांब फांदीत ५.९ येते. पातळ रक्ताच्या लांब फांदीला आता ४३ टक्के प्रवाह मिळायला हवा. तो दिला की तिच्यात पेशी वाढतात, श्यानता चढते आणि पुढच्या फेरीत वाटा ३४ टक्क्यांवर घसरतो, मग ४० वर जातो, मग ३६ वर. हे हेलकावे हळूहळू निवत ३७.५ टक्क्यांवर स्थिरावतात, तेव्हा हिमॅटोक्रिट अनुक्रमे ०.३० आणि ०.४६ असतो. प्रत्येक फेरीत नवा आणि जुना वाटा यांची सरासरी घेतली, तर दोन-तीन फेऱ्यांतच उत्तर हाती येते. हे सगळे एकदा कागदावर, कॅल्क्युलेटर घेऊन करावे असा माझा आग्रह आहे. प्रवाह, पेशी आणि श्यानता एकमेकांना कसे बांधून ठेवतात हे या चार वाहिन्यांत जितके कळते, तितके तयार सॉफ्टवेअरमधून कळत नाही.

मोठे जाळे

शेकडो वाहिन्यांसाठी रीत तीच राहते. प्रत्येक फाट्यावरचा दाब अज्ञात असतो आणि तिथे येणारा व जाणारा प्रवाह समान असतो. विद्युतमंडलातील किरखॉफचा नियम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समीकरण लगेच ओळखीचे वाटेल. यातून तयार होणारा मॅट्रिक्स सममित आणि बहुतांशी शून्यांनी भरलेला असतो, म्हणून पायथॉनमधील स्कायपायच्या विरळ मॅट्रिक्सच्या सुविधा वापराव्यात. दाब मिळाल्यावर प्रवाह काढावेत, फाटे उतरत्या दाबाने लावावेत आणि त्याच क्रमाने पेशी वाटत न्याव्यात. या क्रमामुळे कोणत्याही फाट्यावर पोहोचण्याआधी त्यात येणाऱ्या सर्व वाहिन्यांचा हिमॅटोक्रिट ठरलेला असतो. मग श्यानता नव्याने काढून पुन्हा दाब सोडवावेत. काही जाळ्यांत सरासरी घेऊनही हेलकावे थांबत नाहीत. तसे झाल्यास लगेच प्रोग्रामला दोष देऊ नये, कारण स्थिर बाह्य दाब असतानाही प्रवाह खरोखरच डोलत राहणे या समीकरणांना शक्य असते.

सर्वांत अवघड भाग संगणकाच्या बाहेर असतो. प्रतिमेच्या चौकटीने जाळे जिथे कापले जाते, तिथे डझनावारी टोके उरतात आणि त्यांचे दाब कुणी मोजलेले नसतात. मुख्य धमनिका (केशवाहिन्यांना रक्त पुरवणारी बारीक धमनी) आणि मुख्य शिरिका (त्यांतून रक्त परत नेणारी बारीक शीर) यांवर मोजलेले किंवा त्या ऊतीसाठी मान्य असलेले दाब द्यावेत, उरलेल्या टोकांना वाजवी मर्यादेतील वेगवेगळ्या किमती देऊन पुन्हापुन्हा गणित चालवावे, आणि ज्या वाहिन्यांचा प्रवाह या बदलांनी दिशाच पालटतो, त्यांच्याविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. प्रत्येक फेरीनंतर पेशींची आवक-जावक जुळते का, हे तपासणे तर अनिवार्यच आहे.

आजारातील रक्त

वरचे सगळे स्थिरांक निरोगी, लवचिक पेशींचे आहेत. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि मराठी विद्यार्थ्याने हे प्रारूप पुढे न्यायचे ठरवले, तर त्यासाठी हा विषय जवळचा आणि तातडीचा आहे. या आजारात हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब तंतू बनतात आणि पेशी ताठर होते. हे जोडणे तत्काळ होत नाही, त्याला काही विलंब लागतो, आणि तो विलंब पेशीतील हिमोग्लोबिनच्या सांद्रतेवर विलक्षण अवलंबून असतो. विलंब संपण्याआधी पेशी केशवाहिनी ओलांडून शिरिकेत पोहोचली तर ती निसटते, नाही तर अडकण्याचा धोका असतो.

म्हणून इथे जाळ्याच्या प्रारूपाकडून प्रवाहाऐवजी प्रवासकाळ मागावा. प्रत्येक वाहिनीची लांबी पेशींच्या वेगाने भागून तिथला काळ काढावा. पेशींचा वेग हा रक्ताच्या सरासरी वेगाला बाहेर पडणाऱ्या आणि नळीतल्या हिमॅटोक्रिटच्या गुणोत्तराने गुणून मिळतो. आधीच्या उदाहरणात ५०० मायक्रोमीटरला अर्ध्या मिलिमीटरच्या वेगाने एक सेकंद लागत होता. पेशी मध्यातून जलद जात असल्यामुळे त्यांना त्याहून कमी काळ लागतो. मग धमनिकेपासून शिरिकेपर्यंतच्या सर्व वाटांचे काळ, त्या वाटेने जाणाऱ्या पेशींच्या संख्येचे भार लावून, एका आलेखात मांडावेत. या आलेखाची सरासरी फारशी उपयोगाची नाही. त्याची उजवीकडची लांब शेपटी पाहावी, म्हणजे ज्या थोड्या पेशी मंद फांद्यांतून रेंगाळत जातात त्यांचे प्रमाण पाहावे, कारण विलंबकाळाशी स्पर्धा हरणाऱ्या पेशी त्याच असतात. ताठर पेशींसाठी श्यानतेचे सूत्र जसेच्या तसे लागू नाही, तेव्हा श्यानतेचा वाढीव भाग दुप्पट, तिप्पट असा बदलून शेपटी किती लांबते याचा पट्टा द्यावा, एकच नेमका आकडा देऊ नये.